बाळंतपणानंतरची केसगळती : दोष पाण्याचा नव्हे

कॅनडातल्या मराठी घरात बाळंतिणीच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले की पहिला आळ पाण्यावर जातो. पण कॅल्गरीचं पाणी जड आणि व्हँकुव्हरचं अगदी हलकं, तरी बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस दोन्हीकडे गळतात. जड पाण्याने केस राठ होतील, तुटतील. मुळासकट गळण्याचं कारण शरीरात असतं.

एरवी आपले रोज ५० ते १०० केस जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे त्यांतले बरेच टिकून राहतात. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरलं की हे थांबलेले केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-चार महिन्यांनी गळू लागतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. अंगावर पाजल्याने केस जातात असं समजून दूध तोडू नये.

‘होईल आपोआप’ हे मात्र वर्ष उलटल्यावर चालत नाही. सहा आठवड्यांची तपासणी गळती सुरू होण्याआधीच उरकलेली असते, त्यामुळे पुढे विषय आपणच काढावा लागतो. फॅमिली डॉक्टरकडे हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) मागा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली गेलं की कमतरता धरा, असा आग्रह टोरांटोच्या सेंट मायकल्स हॉस्पिटलमधल्या ‘रेझ द बार’ मोहिमेने धरला आहे. आळिवाचे लाडू जरूर खा, पण रिता साठा एकट्या लाडवांनी भरत नाही. थायरॉइडला सूज येण्याचा त्रासही पहिल्या वर्षात शंभरातल्या पाच-दहा जणींना होतो.

आणि केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन! ज्यांच्यात त्याची कमतरता नाही त्यांना ते उपयोगी पडतं याला भक्कम पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेमुळे रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला. टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उमटतो. गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी सांगा. आजीच्या बॅगेतून आलेल्या भस्माच्या पुड्यांबाबत तर मी कडकच आहे : काही आयुर्वेदिक औषधांत शिसं आणि पारा सापडल्याचे इशारे हेल्थ कॅनडाने वेळोवेळी दिले आहेत. परवाना असलेल्या उत्पादनावर आठ आकडी एनपीएन (नॅचरल प्रॉडक्ट नंबर) असतो, तो बघा.

भांग रुंदावत चालला असेल तर ती बहुधा आनुवंशिक विरळता; बाळंतपणाने ती फक्त उघडी पडते. रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल पडलं तर चाई असू शकते. मिनॉक्सिडिल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सहसा रेफरल लागतं आणि तारीख कित्येक महिन्यांनी मिळते. तोवर दर महिन्याला त्याच उजेडात भांगाचा एक फोटो काढून ठेवा. तज्ज्ञाला तो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल.