टीसीएल गिळणारं पिवळं पाणी

पावसाळ्यात जलसुरक्षक मापानं टीसीएल टाकतो, तरी ओ.टी. टेस्टला रंग येत नाही. गावात लगेच बोलणं सुरू, ‘पावडर टाकलीच नाही.’ कधी ते खरंही असतं. कधी पोतं उघडं राहून पावडरीचा जोर गेलेला असतो. पण तिसरं कारण पाण्यातच असतं, त्यात जलसुरक्षकाचा दोष नाही.

कृषी केंद्रात मिळणारं ह्युमिक ॲसिड शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. पाला, काडीकचरा, शेण कुजलं की त्याच जातीचे पदार्थ जमिनीत तयार होतात. रानाला ते सोनं. पण पावसाबरोबर विहिरीत उतरले की पाण्याला पिवळट झाक येते, आणि जंतूंसाठी टाकलेला क्लोरीन हेच गिळतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी 1974 साली दाखवून दिलं की, या दोहोंच्या संयोगानं क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्यं बनतात. मग टीसीएल बंद करायचं काय? मुळीच नाही! जंतूंचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

हे पदार्थ ओळखायला शास्त्रज्ञ उजेड वापरतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेचे आकडे चमकतात ना, तसंच. गाळलेलं पाणी क्वार्ट्झच्या कुपीत ठेवून त्यावर साधारण 350 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडला, तर कुजलेल्या पाल्याचे पदार्थ 450च्या आसपास निळसर उजेड परत देतात. सांडपाण्याची खूण वेगळी. 280चा प्रकाश दिला की 350ला उत्तर येतं. ते डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतं. म्हणजे विहिरीत पाला कुजला की गटार झिरपलं, याचा माग लागतो. पंचायतीला याहून कामाचा प्रश्न कोणता? मात्र पाण्यात लोह असेल तर चमक दबते, आणि धुण्याच्या पावडरीतली द्रव्यंही चमकून घोळ घालतात. जंतू किती, हे यंत्र सांगत नाही; त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो.

असं यंत्र गावात नाही. पण विहिरीवर जाळी, उन्हाळ्यात गाळ काढणं, उकिरडा लांब नेणं हे आपल्या हातात आहे. टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासानं ओ.टी. पाहावी, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, नसेल तर पुन्हा मात्रा द्यावी. आणि पाणी मुळातच पिवळं असेल तर फसू नका. औषधाचे थेंब न टाकलेली त्याच पाण्याची दुसरी नळी शेजारी धरा, मगच वहीत नोंद करा.