'वर्क' म्हणजे नेमके कोणते काम?

नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ सुरू झाला की एक विधान हमखास येते : डोक्यावर ओझे घेऊन सपाट जमिनीवरून एकसारख्या वेगाने चालणारी व्यक्ती गुरुत्वबलाविरुद्ध काहीही कार्य करत नाही. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. पण हेच विधान पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातील झरीसारख्या गावातल्या वर्गात वाचले तर काय होईल? तिथल्या मुलांनी आईला लाकडाची मोळी किंवा गवताचा भारा डोक्यावर घेऊन येताना पाहिलेले असते. एखादी धीट मुलगी उठून विचारील, ''म्हणजे माझी आई काहीच काम करत नाही का?''

हा प्रश्न अगदी रास्त आहे. 'पुस्तकात तसे दिले आहे' एवढे म्हणून तो टाळता येणार नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर 'कार्य' या शब्दाच्या मागे असलेल्या 'वर्क' या चार अक्षरी इंग्रजी शब्दाकडे जरा निरखून पाहावे लागेल.

एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीत 'वर्क' म्हणजे काम. पण तेवढेच नाही. 'ही इज अ‍ॅट वर्क' म्हणजे तो कामावर आहे, 'ही इज आउट ऑफ वर्क' म्हणजे तो बेकार आहे. घड्याळ 'वर्क' करत नाही म्हणजे ते बंद आहे. औषध 'वर्क' करते म्हणजे ते लागू पडते, आणि एखादी युक्ती 'वर्क' करते म्हणजे ती साधते. लेखकाचे 'वर्क्स' म्हणजे त्याचे साहित्य, तर गावाबाहेरचे 'वर्क्स' म्हणजे कारखाना. उदाहरण 'वर्क आउट' करायचे म्हणजे ते सोडवायचे. कणीक 'वर्क' करायची म्हणजे ती मळायची. लोखंड ठोकून घडवले की ते 'रॉट आयर्न' होते; हा 'रॉट' म्हणजे 'वर्क'चेच जुने भूतकाळी रूप.

मराठीत या प्रत्येक ठिकाणी आपण वेगळा शब्द वापरतो : चालणे, लागू पडणे, साधणे, सोडवणे, मळणे, घडवणे. एकाच 'काम' या शब्दाने सगळीकडे भागवायचा प्रयत्न केला की भाषांतर हास्यास्पद होते. सेमी-इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांची अडचण येथेच सुरू होते. भाषेच्या तासाला एका अर्थाने भेटलेला शब्द विज्ञानाच्या तासाला भलत्याच अर्थाने समोर येतो.

आपला 'कार्य' हा शब्दही काही कमी नाही. 'आमच्या घरी कार्य आहे' म्हटले की लग्न किंवा मुंज आली. 'समाजकार्य' वेगळे आणि 'यकृताचे कार्य' वेगळे. पदार्थविज्ञानातले 'कार्य' या सगळ्यांहून निराळे.

नातेवाईक शब्द

'वर्क' आणि ग्रीक भाषेतील 'एर्गॉन' हे शब्द एकाच मुळापासून आले आहेत. 'एनर्जी' या शब्दात हा एर्गॉन दडलेला आहे आणि 'अर्ग' या जुन्या एककातही. 'सर्जरी' म्हणजे मुळात हाताने केलेले काम. 'जॉर्ज' या नावाचा अर्थ जमिनीवर काम करणारा, म्हणजे शेतकरी. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी शोधलेला वायू कोणाशीच संयोग पावेना, म्हणून त्याचे नाव ठेवले 'अरगॉन' : अ अधिक एर्गॉन, म्हणजे काम न करणारा.

आपल्याकडे अशीच गंमत 'कृ' या धातूची आहे. कार्य, क्रिया, कृती, कर्म हे सगळे त्याचे वंशज. 'कर्म'चे प्राकृतात 'कम्म' झाले आणि मराठीत 'काम'. फारसीतला 'कार' हाही याच कुळातला. कारखाना, कारागीर हे शब्द त्याचे. 'बेकार' म्हणजे ज्याला काम नाही तो. म्हणजे 'अरगॉन' आणि 'बेकार' यांची घडण अगदी सारखी आहे!

आणखी एक जोडशब्द पाहू : 'वेठबिगार'. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टि'पासून आला, अर्थ सक्तीचे काम. 'बिगार' फारसीतून आला, अर्थ बिनमोलाचे काम. दोन भाषांतले दोन शब्द एकाच गोष्टीसाठी जोडले गेले. या शब्दाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, आणि तेही झरीलाच.

कामाला माप कसे मिळाले?

रोजच्या वापरातला 'वर्क' विज्ञानात शिरला तो इंजिनांच्या वाटेने. अठराव्या शतकात इंग्लंडमधील खाणींत साचलेले पाणी उपसण्यासाठी वाफेची इंजिने बसवली जात. इंजिन चांगले की वाईट, हे खाणमालक कसे ठरवणार? ठरावीक कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले गेले, यावरून. जेम्स वॉटला आपल्या इंजिनाची तुलना घोड्याशी करायची होती. त्याने मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरवले. आजच्या हिशेबात ते सुमारे ७४६ वॅट होतात.

वजन गुणिले उंची, हा हिशेब असा व्यवहारात होताच. १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस याने यंत्रांवरील आपल्या ग्रंथात बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला 'त्रावाय', म्हणजे श्रम किंवा काम, हा शब्द रूढ केला. इंग्रजीत त्याचे 'वर्क' झाले आणि मराठीत 'कार्य'.

म्हणजे ही व्याख्या कोणी मनात येईल तशी केलेली नाही. ती यंत्रांची तुलना करण्यासाठी घडवली गेली. बलाच्या दिशेने वस्तू किती सरकली, एवढेच ती विचारते. काम करणारा किती दमला, किती वेळ लागला, त्याचे मोल काय, हे तिच्या कक्षेतच येत नाही.

गवताच्या भाऱ्याचा हिशेब

आता त्या मुलीच्या आईचा हिशेब करू. समजा, भारा २५ किलोग्रॅमचा आहे आणि जमिनीवरून तो दीड मीटर उंच डोक्यावर घेतला. गुरुत्वबलाविरुद्ध झालेले कार्य :

२५ × ९.८ × १.५ = सुमारे ३६८ ज्यूल.

एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८४ ज्यूल. म्हणजे भारा उचलण्याचे कार्य एका किलोकॅलरीच्या दहाव्या भागाहूनही कमी! त्यानंतर सपाट वाटेने दोन किलोमीटर चालले तरी या हिशेबात भर शून्य. भारा खाली ठेवताना तर हाताने केलेले कार्य ऋण येते.

मग थकवा येतो कोठून? स्नायूंच्या रचनेतून. भिंतीतली खुंटी पिशवी वर्षभर धरून ठेवते, तिला काही खावे लागत नाही. स्नायू तसा नाही. ताण टिकवून धरण्यासाठी मायोसिनचे रेणू अ‍ॅक्टिनच्या तंतूंना सतत पकडत, ओढत आणि सोडत राहतात. प्रत्येक फेरीला एटीपी खर्च होतो, आणि त्या ऊर्जेची अखेर उष्णता होते. ओझे जागचे हलले नाही तरी हा खर्च चालूच राहतो. शिवाय चालताना शरीर प्रत्येक पावलाला थोडे वर जाते आणि खाली येते. त्याचाही खर्च असतो.

हा खर्च मोजायचा तर ज्यूलमधले यांत्रिक कार्य उपयोगाचे नाही. शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते पाहावे लागते. केनियातील लुओ आणि किकुयु स्त्रियांवर केलेला असा एक अभ्यास १९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझे घेऊन चालताना या स्त्रियांचा ऑक्सिजनचा वापर वाढला नाही! त्याहून जड ओझ्याला मात्र खर्च वाढत गेला. वर्षानुवर्षांच्या सवयीने कमावलेले हे कसब आहे. 'कार्य शून्य' या शब्दांत त्याचा मागमूसही लागत नाही.

झरीचा हिशेब

आता ज्या झरीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिथे १९४५ साली जाऊ. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. वारली आदिवासींना जमीनदारांच्या शेतावर वेठ करावी लागे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या वतीने मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यामागे होते. हजारो वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर कामाला जायचे नाही, असा निश्चय तिथे झाला. पुढे गवतकापणीच्या हंगामात मागणी आली ती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. त्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सारा लढा आला आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या मागण्यांकडे पाहा. वेठीला मापच नव्हते. मालक सांगेल तेवढे आणि सांगेल तोवर. बारा आणे रोज हे वेळेचे माप झाले. ५०० पौंडांना अडीच रुपये हे उत्पादनाचे माप झाले. कामाला माप हवे, ही मागणीच त्या लढ्याच्या मुळाशी होती.

हेच ५०० पौंड आपल्या सूत्रात घालून पाहू. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलोग्रॅम. कापणीचे कार्य बाजूला ठेवून हे सगळे गवत दीड मीटर उचलायचे कार्य होते सुमारे ३,३४० ज्यूल, म्हणजे एक किलोकॅलरीसुद्धा नाही. विजेच्या एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात; त्याचा हा जेमतेम हजारावा भाग. कोणी ज्यूलच्या भावाने मजुरी द्यायची म्हटली तर ती पुन्हा वेठच होईल. सूत्र चुकलेले नाही. ते मजुरीसाठी बनवलेले नाही, एवढेच.

तरीही सूत्राचा आणि मजुरीचा संबंध अजिबात नाही, असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. मातीकामात खोदलेल्या मातीचे घनफळ मोजतात. माती मऊ की मुरमाड, यावर दर बदलतो. माती किती लांब टाकली त्याला 'लीड' आणि किती उंच चढवली त्याला 'लिफ्ट' म्हणतात, आणि त्यांचा दर वेगळा धरतात. 'लिफ्ट'चा दर म्हणजे आपल्या सूत्रातली उंचीच! आणि सूत्र ज्याला शून्य म्हणते त्या आडव्या वाटचालीलाही येथे 'लीड'च्या रूपाने मोल मिळते.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरच्या कामांची यादी करायला सांगा : पाणी आणणे, गुरे राखणे, लहान भावंडाला सांभाळणे, गवत कापणे. प्रत्येक कामासाठी चार रकाने आखा : यांत्रिक कार्य, शरीराने खर्च केलेली ऊर्जा, लागलेला वेळ, मिळालेला मोबदला. कोणत्या रकान्यात शून्य येते आणि कोणत्या येत नाही, यावर चर्चा घ्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ज्या डहाणू तालुक्यात कोसबाडला अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली, तिथे तरी मुलांचे काम शाळेच्या हिशेबाबाहेर राहू नये.

२. एका विद्यार्थ्याला दप्तर हात पसरून दोन मिनिटे धरायला सांगा. आधीची आणि नंतरची नाडी मोजा. दप्तर हलले नाही, म्हणजे त्यावरचे कार्य शून्य. पण नाडीत फरक पडला का?

३. 'वर्क' असलेली दहा इंग्रजी वाक्ये 'काम' हा शब्द न वापरता मराठीत आणायला सांगा. आपली मुले घरी वारली किंवा गुजराती बोलत असतील तर त्या भाषांतही आणू द्या.

पाठातले ते विधान आपण थोडे बदलून सांगू या : 'डोक्यावर ओझे घेऊन सपाट जमिनीवरून चालताना गुरुत्वबलाविरुद्ध यांत्रिक कार्य होत नाही, चालणाऱ्याच्या शरीराची ऊर्जा मात्र खर्च होतेच.' वाक्य जरा लांबले, पण प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला एवढे उत्तर मिळायलाच हवे. तिची आई काम करते. या पाठात मोजतो ते 'कार्य' त्या कामाचा एक लहानसा भाग आहे, आणि बाकीचे मोजायला वेगळी मापे आहेत.