ओळंबा कोणीकडे कलतो?

मनुष्यास आपलें जीवित, आपल्या सुखदुःखांपासून अलग करून, जणूं तें दुसऱ्या कोणाचें आहे अशा वृत्तीनें पाहतां येतें काय, हा प्रश्न फार जुना आहे. उपनिषदांत एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचें जें रूपक आहे, त्यांतील एक पक्षी फळ खातो आणि दुसरा न खातां नुसता पाहतो. वेदान्त्यांनीं ह्या पाहणाऱ्यास साक्षी म्हटलें. व्यवहारांत मात्र आपणां सर्वांचा अनुभव असा कीं, फळ खाणारा पक्षी आपल्या चांगल्या ओळखीचा असून पाहणाऱ्याची गांठ क्वचितच पडते. शेजाऱ्याच्या घरच्या भांडणांत चूक कोणाची, हें आपणांस ओसरीवर बसल्या बसल्या कळतें. आपल्या घरच्या भांडणांत मात्र ती चूक नेहमीं पलीकडच्याच खोलींत सांपडते, हें कसें?

ह्या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरें देण्यांत येतात. एक पक्ष म्हणतो कीं, स्वार्थ टाकला आणि मन निर्मळ ठेवलें, कीं वस्तु जशी आहे तशी दिसतेच. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्याचें त्याचें सत्य निराळें. तटस्थ दृष्टि ही केवळ कविकल्पना होय. पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें मानलें तर जगांतील सर्व सज्जनांचें एकमत असावयास पाहिजे, आणि तें तसें नाहीं. दुसऱ्याचें मानलें तर न्याय-अन्याय हे शब्दच कोशांतून काढून टाकावे लागतील, आणि त्यांत नुकसान नेहमीं दुबळ्याचेंच व्हावयाचें. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस अपुरीं वाटतात. तीं कां अपुरीं आहेत हें समजण्यास तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षां आपल्या विदर्भाच्या भूमीवरून गेलेल्या एका मोठ्या मोजणीचा इतिहास अधिक उपयोगी पडेल.

नागपूरच्या दक्षिणेस लागून असलेल्या बेसा गांवापासून दक्षिणेकडे ७०-७५ किलोमीटर गेलें म्हणजे हिंगणघाट लागतें. तेथें विल्यम लॅम्बटन नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. ह्या गृहस्थानें १८०२ सालीं मद्रासजवळ एक पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. जमिनीवरची एक बाजू साखळीनें काळजीपूर्वक मोजावयाची, मग दूरच्या टेकड्या व देवळांचीं शिखरें यांच्याकडे यंत्र रोखून कोन मोजावयाचे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत गणितानें पुढें सरकावयाचें, अशी ती रीति. वीस वर्षें हें काम करून, हैदराबादेहून नागपूरकडे येत असतां, २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्बटन हिंगणघाट येथें वारला. त्याच्या मागें जॉर्ज एव्हरेस्टनें ही त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेऊन पोंचविली. दक्षिणेच्या टोंकापासून ही लांबी सुमारें २,४०० किलोमीटर भरते.

आतां ह्या मोजणींत एक विलक्षण पेंच उत्पन्न झाला. सध्यांच्या मध्य प्रदेशांत सिरोंजजवळ कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशांत मुजफ्फरनगरजवळ कलियाना अशीं दोन ठिकाणें आहेत. त्यांच्या अक्षांशांतील अंतर दोन स्वतंत्र रीतींनीं काढण्यांत आलें. एक रीति जमिनीवरील त्रिकोणांची. दुसरी आकाशांतील ताऱ्यांच्या वेधांची. दोन्ही उत्तरें जुळावयास हवीं होतीं. परंतु त्यांत पांच विकलांहून किंचित् अधिक फरक निघाला. जमिनीवर हा फरक सुमारें १६० मीटरांचा होतो. इतक्या मोठ्या मोजणींत तो क्षुल्लक वाटेल. पण इतक्या काटेकोर कामांत तो खपण्याजोगा नव्हता. प्रथम तो मोजणींतल्या बारीकसारीक चुकांचा समजण्यांत आला. पुढें १८५५ सालीं कलकत्त्याच्या प्रॅट नांवाच्या धर्मोपदेशकानें, जो उत्तम गणिती होता, खरें कारण पुढें मांडलें. ताऱ्याची उंची मोजावयाची म्हणजे आधीं 'उभी रेषा' कोणती हें ठरवावें लागतें, आणि ती ठरते ओळंब्यानें. कलियाना हिमालयाला जवळ. त्या प्रचंड पर्वताच्या आकर्षणानें तेथला ओळंबाच किंचित् उत्तरेकडे ओढला जात होता!

ह्या गोष्टींत केवढा अर्थ भरला आहे, हें वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. वेध घेणारा मनुष्य लबाड नव्हता. यंत्र सदोष नव्हतें. काळजी घेण्यांत कसूर नव्हती. ज्या वस्तूवर गवंड्यापासून ज्योतिष्यापर्यंत सर्वांचा अढळ विश्वास, ती वस्तुच शेजारच्या मोठ्या वजनाकडे कललेली होती. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कलियाना येथें बसून ही चूक कोणासही कधींच सांपडली नसती. तेथें शंभर वेळां ओळंबा सोडला असता तरी तो शंभर वेळां तितकाच कलला असता, आणि पाहणाऱ्यास तो अगदीं सरळच दिसला असता. चूक सांपडली ती दूरच्या ठिकाणाहून निघून निराळ्या वाटेनें आलेल्या दुसऱ्या मोजणीशीं ताडून पाहिल्यामुळें.

मनाचेंही असेंच आहे. आपण अपत्यप्रेमानें, कुलाभिमानानें, जुन्या दुखण्यानें अथवा उपकाराच्या ओझ्यानें ओढले जातों, तेव्हां आपण खोटें बोलत नसतों. म्हणूनच तर आपणांस इतकी खात्री असते. 'मी अगदीं निःपक्षपातीपणें सांगतों' असें म्हणणारा बहुधा प्रामाणिकच असतो. त्याच्या ओळंब्याशेजारीं पर्वत उभा आहे, एवढेंच त्यास ठाऊक नसतें. तेव्हां केवळ मन निर्मळ ठेवल्यानें काम भागत नाहीं. उलट, ओळंबा कलतो म्हणून 'उभी रेषा' नाहींच, असें मानण्याचेंही कारण नाहीं. कलणें किती हें काढतां येतें, व तें वजा करतां येतें.

मात्र वजाबाकींतही एक धोका आहे, आणि तोही ह्याच मोजणीनें शिकविला. प्रॅटनें हिमालयाचें दिसणारें वस्तुमान धरून हिशेब केला, तेव्हां ओळंबा सुमारें १६ विकला कलावयास हवा होता असें निघालें. प्रत्यक्षांत फरक होता पांचांच्या आसपास. त्याच वर्षीं ग्रीनविचच्या वेधशाळेचे प्रमुख एअरी यांनीं ह्याचा उलगडा सुचविला कीं, पर्वताच्या खालीं हलक्या खडकाचीं खोल मुळें असलीं पाहिजेत, म्हणून त्याची ओढ दिसते त्यापेक्षां कमी आहे. संसारांत अशीं माणसें आपण पाहतोंच, कीं ज्यांना आपला पक्षपात एकदां कळला म्हणजे तीं स्वतःवर इतकी सूट घालतात कीं आपला न्याय्य हक्कही बोलून दाखवीत नाहींत. आपल्या घरांतील किती तरी वडीलधाऱ्या स्त्रियांचें आयुष्य ह्या अतिरिक्त वजाबाकींत गेलें आहे. स्वतःवर अन्याय करणें ही कांहीं तटस्थता नव्हे. तोही हिशेब चुकलेलाच.

अशी दृष्टि साध्या संसारी माणसाला साधते काय, असें कोणी विचारील तर आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथाकडे बोट दाखवूं. त्यांचे पति कवि नारायण वामन टिळक हे कांहीं काळ नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. पुढें राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडीच्या डब्यांत एका मिशनऱ्याशीं त्यांचें जें संभाषण झालें, त्यापासून त्यांच्या मनाला निराळें वळण लागलें आणि १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एका कर्मठ घरांतील, शिक्षण जवळजवळ नसलेल्या, पदरीं लहान मूल असलेल्या स्त्रीवर त्या वार्तेनें काय प्रसंग गुदरला असेल, हें सांगावयास नको. पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वतःही तोच धर्म घेतला. परंतु आमचा मुद्दा धर्माचा नाहीं. १९३४ पासून त्यांच्या आठवणी ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं लागल्या, तेव्हां ह्या सर्व गोष्टींना जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं. त्या आठवणींत पतीचा लहरीपणा आहे आणि त्याचें मोठेपणही आहे. वडिलांच्या सोंवळ्याचा अतिरेक आहे आणि त्यांच्याविषयींची मायाही आहे. आणि सर्वांत जास्त हंसू आहे तें स्वतःच्या भोळेपणाचें व हट्टाचें. दुःख लपविलेलें नाहीं, आणि त्याचें भांडवलही केलेलें नाहीं. १९३६ सालीं लक्ष्मीबाई वारल्या आणि उरलेला भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला.

लक्ष्मीबाईंनीं आपली जागा सोडली नाहीं. पत्नी म्हणून, आई म्हणून, जातीबाहेर पडलेली म्हणून आपण कोठें उभ्या होतों, हें त्या प्रथम सांगतात आणि मग तेथून काय दिसलें तें सांगतात. साक्षी होणें म्हणजे वृक्षावरून उडून जाणें नव्हे. आपण कोणत्या फांदीवर बसलों आहों हें कबूल करून बोलणें, हाच सामान्य माणसाच्या आटोक्यांतला साक्षीभाव होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. बेसा हें कांहीं दशकांपूर्वीं शेतीचें खेडें होतें. नागपूर शहर दक्षिणेकडे पसरत गेलें तसतसे तेथें शेतांवर लेआउट पडले, आणि आज अनेक मजली सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. अशा गांवांत एखाद्या एकत्र कुटुंबाची वडिलार्जित जमीन विकावयास निघाली म्हणजे काय घडतें, याची कल्पना करूं. थोरला भाऊ म्हणतो, 'आईबापांची सेवा मीं केली; रात्रीअपरात्रीं दवाखान्यांत मीच धांवलों.' धाकटा म्हणतो, 'परगांवीं राहून दरमहा पैसे मीं पाठविले. त्यावरच हें घर उभें राहिलें.' बहीण बहुधा कांहींच म्हणत नाहीं. पण भावांच्या फीसाठीं आपलें शिक्षण मध्येंच थांबलें, हें ती विसरलेली नसते. तिघांतलें कोणीही खोटें बोलत नाहीं. प्रत्येकाचा ओळंबा स्वतःच्या कष्टांच्या डोंगराकडे कललेला आहे, एवढेंच.

पुढें बहुधा असें होतें कीं, दोघे भाऊ भांडूनतंडून एकमेकांशीं जमवून घेतात आणि बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें. ती सही करते आणि घरांतील सर्वजण समाधानानें म्हणतात कीं, 'तिनें खुशीनें दिलें.' महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि मध्यवर्ती सरकारनें २००५ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. २००५ सालीं वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहेच, असा स्पष्ट निर्णय २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. ज्या गोष्टी कित्येक पिढ्या सरळ उभ्या रेषेसारख्या वाटत होत्या, त्या कललेल्या होत्या, असेंच ह्या दुरुस्त्यांनीं दाखविलें. सबंध घरच एका बाजूस कललें असलें म्हणजे घरांतील कोणासही तें कळत नाहीं. खुशीची ती सही ह्याच कलानें झालेली असते.

मग कळावें कोणाला? कलियानाची चूक ज्यानें काढली त्या दूरच्या मोजणीला. घरांत ही दूरची मोजणी कोण आणतें? सासरीं गेलेली लेक आणतें, आणि माहेराहून आलेली सून आणतें. नवी सून घरांत पाऊल टाकते तेव्हां तिच्यापाशीं निराळ्या घरांत तयार झालेली मोजपट्टी असते. जेवणाच्या पंक्तींत शेवटीं कोण बसतें, कोणाची चूक पोटांत घातली जाते आणि कोणाची चारचौघांत काढली जाते, हें तिला आठ दिवसांत दिसतें. आणि आपण काय करतों? 'आमच्या घरची रीत अशी आहे' असें सांगून तिचीच मोजणी चुकीची ठरवितों. वर्ष-दोन वर्षांत तिचा ओळंबाही आपल्यासारखा कलतो, आणि ती घरांत रुळली म्हणून आपण तिचें कौतुक करतों!

आम्ही वाचकांस कोणतें मोठें व्रत सांगत नाहीं. तीन साध्या गोष्टी सुचवितों. मिळकतीचा, आजारपणाच्या खर्चाचा वा लग्नकार्याचा प्रश्न निघाला म्हणजे प्रत्येकानें आधीं कागदावर लिहावें. पण आपण काय केलें हें नव्हे, तर इतरांनीं काय केलें तें. दुसरें, बोलण्याचा मान वडिलांपासून न धरतां सर्वांत लहानापासून, किंबहुना सुनेपासून धरावा. कारण थोरल्यानें एकदां मत दिलें कीं बाकीचे ओळंबे त्या बाजूस ओढले जातात. तिसरें, निकाल ठरला म्हणजे त्यांतील नांवें अदलाबदल करून तो एकदां मोठ्यानें वाचावा. 'भावानें खुशीनें हक्क सोडला' हें वाक्य ऐकतांना ज्यांच्या भुवया उंचावतील, त्यांना दुसरें वाक्य कां खटकलें नाहीं, हें त्यांचें त्यांनाच कळेल.

नागपुरांत झिरो माइलचा स्तंभ आहे. तेथें उभें राहिलें म्हणजे मनुष्यास वाटतें कीं, आयुष्यांतही असा एखादा शून्याचा दगड असता तर सर्वांचीं अंतरें तेथूनच मोजलीं असतीं. तसा दगड संसारांत नाहीं. पंचांच्या मुखीं परमेश्वर असतो, असें आपले पूर्वज म्हणत आले, तें पंच निःस्वार्थी देवमाणसें असतात म्हणून नव्हे. पांच जणांचे ओळंबे पांच डोंगरांकडे कलतात आणि त्यांच्या ताळ्यांतून उभी रेषा निघते, म्हणून. एकट्यानें तटस्थ होणें फारच थोड्यांस साधतें. घरांत पांच माणसें असतांना पांचांनाही बोलूं देणें, हें मात्र कोणत्याही कर्त्या पुरुषाच्या हातांत आजच आहे.