‘आपण’ आणि ‘आम्ही’

मीरा रोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीत घरी मराठी, बाजारात हिंदी, शेजारी गुजराती किंवा मारवाडी आणि शाळेत इंग्रजी अशी भाषांची वाटणी नित्याचीच. २०२५ मध्ये मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून मीरा रोड येथे एका दुकानदाराला मारहाण झाली. त्यानंतर व्यापाऱ्यांचे आंदोलन आणि ८ जुलै रोजी मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. या गदारोळात या भाषांमधील एक जुने साम्य दुर्लक्षित राहिले.

‘आपण जाऊ’ असे म्हणताना मराठी माणूस ऐकणाऱ्याला सोबत घेतो. ‘आम्ही जाऊ’ म्हणताना त्याला वगळतो. प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये हा भेद नाही. गुजरातीत मात्र ‘आपणे’ व ‘अमे’, तर मारवाडीत ‘आपां’ व ‘म्हे’ असा तोच भेद आढळतो. मुंबईच्या हिंदीनेही ‘अपन’ वापरून ही उणीव भरून काढली आहे.

दूरच्या इंडोनेशियातही ऐकणाऱ्यासह ‘किता’ आणि त्याला वगळून ‘कामी’ असे दोन शब्द आहेत. या देशात जावानीज भाषकांची संख्या सर्वाधिक. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बाटाव्हिया (आजचे जकार्ता) येथील युवक परिषदेने ऐक्याची भाषा म्हणून निवडली ती मलायवर आधारलेली इंडोनेशियन. मलाय ही शतकानुशतके बंदरांतील व्यापाराची भाषा होती. उलट जावानीजमध्ये समोरच्याच्या मानाप्रमाणे शब्दच बदलतो: ‘खाणे’ या एका क्रियेसाठी ‘मांगान’, ‘नेधा’ आणि ‘धाहार’. मराठीत ‘जेव’, ‘जेवा’ असे केवळ क्रियापदाचे रूप बदलते.

या सोयीची किंमतही जावानीजला मोजावी लागली. शहरांतील अनेक कुटुंबांत मुलांशी इंडोनेशियनच बोलली जाते आणि ‘क्रामो’ ही आदराची बोली नव्या पिढीला अवघड वाटते. घराबाहेरची भाषा घरात शिरली की घरची भाषा आक्रसते, हा त्याचा अर्थ.

सिल्व्हर पार्कमध्ये प्रश्न थोडा वेगळा आहे. मराठी ग्राहकच दुकानात पहिले वाक्य हिंदीत बोलू लागला, तर दुकानदाराच्या कानी मराठी पडणार कधी? आणि जी भाषा कानी पडत नाही, ती सक्तीनेही जिभेवर रुळत नाही. गुजराती वा मारवाडी घरातून आलेल्या माणसाला ‘आपण’ हा शब्द नव्याने समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्याशी बोलताना वापरला जाण्याची मात्र आवश्यकता आहे.