मावळतीचे दोन ग्रह, आणि पत्रिकेतला मंगळ

मैत्रिणींनो, मे महिना म्हणजे अंगणात नाहीतर गच्चीवर अंथरूण टाकायचे दिवस. त्यात लाइट गेली की सगळ्यांच्या नजरा आपोआप वर जातात. या मे महिन्यात (२०२६) दिवेलागणीनंतर मावळतीकडं बघा. दोन ठळक चांदण्या दिसतील. खालची फार लखलखीत आहे, तो शुक्र. त्याच्या वर, जरा कमी तेजाचा दिसतो तो गुरू. आपण त्यांना चांदण्या म्हणतो खरं, पण ते ग्रह आहेत.

चंद्राबद्दल मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. संकष्टीला ताट वाढून चंद्राची वाट बघणाऱ्या आपणच! तो कधी साडेआठला उगवतो, कधी दहा वाजवतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला तो उगवतीला वर येतो. तिथून चौथ्या दिवशी म्हणजे चतुर्थीला तीनेक तास उशीर होणारच. गावागणिक वेळही बदलते. नागपूर पूर्वेला आहे, म्हणून तिथं चंद्र मुंबईच्या जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी दिसतो. तेव्हा मुंबईची वेळ बघून विदर्भातल्या बहिणीनं उपाशी बसू नये.

अमावास्येनंतर उलट गंमत. बीजेची बारीक कोर संध्याकाळी मावळतीला दिसते आणि लगेच बुडते. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. एक खूण पक्की: चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडं असते. कोरीचं पोट जिकडं, सूर्य तिकडं.

आता ग्रह कसे ओळखायचे ते सांगते. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची आकाशातली वाट जवळपास एकच आहे. ज्या वाटेनं चंद्र जातो, तिच्या आसपासच ग्रह सापडतात. भलत्या कोपऱ्यात, उत्तरेला खाली काही चमकलं तर तो ग्रह नाही. दुसरं म्हणजे तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर उजेड देतात. तारे इतके लांब आहेत की त्यांचा नुसता ठिपका आपल्यापर्यंत पोचतो, आणि हवा हलली की तो थरथरतो. ग्रह त्यामानानं जवळ आहेत, म्हणून त्यांचा उजेड तेवढा हलत नाही. पण अगदी क्षितिजाजवळ ग्रहही लुकलुकतो, तेव्हा जरा वर आलेला असताना बघा. सरकत जाणारा दिवा विमानाचा. आणि लाल दिवा एकाच जागी उघडझाप करत असेल तर तो मोबाइलचा टॉवर, त्याला मंगळ समजू नका!

या महिन्यात चंद्रच आपल्याला ग्रह दाखवणार आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, आपला धोंड्याचा महिना. १८ मेला संध्याकाळी बारीक कोर शुक्राच्या खाली असेल. १९ मेला ती शुक्र आणि गुरू यांच्या मध्ये दिसेल, आणि २० मेला गुरूच्या अगदी शेजारी. तारखा भिंतीवर लिहून ठेवा. जावयाच्या पाहुणचाराच्या गडबडीत विसरायला होईल. शुक्र नऊच्या पुढं मावळतो, त्यामुळं जेवणं उरकायच्या आधीच बाहेर या. शुक्र आकाशात सूर्यापासून फार लांब जातच नाही, म्हणून तो मध्यरात्री कधी दिसायचा नाही. एकतर संध्याकाळी मावळतीला, नाहीतर पहाटे उगवतीला. पुढं ९ जूनच्या सुमाराला शुक्र आणि गुरू इतके जवळ येतील की हात लांब धरला तर मध्ये एखाद-दुसरं बोट मावेल. ढग आले नाहीत म्हणजे मिळवली.

त्यानंतर गुरू खाली खाली जाऊन सूर्याच्या उजेडात दिसेनासा होईल. पंचांगात याला गुरूचा अस्त म्हणतात आणि तेवढ्या दिवसांत लग्नं धरत नाहीत. आपल्याकडून बघताना गुरू सूर्याच्या पलीकडं गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. काही दिवसांनी तोच गुरू पहाटे उगवतीला दिसू लागतो.

आता मंगळ आणि शनी. हे दोघं सध्या पहाटे उजाडायच्या आधी उगवतीला असतात. शनी वर, मंगळ त्याच्या खाली. मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळा. यांच्या नावानं घरोघरी किती पैसा जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. कर्जाच्या अर्जात कारण 'घरखर्च' लिहितात आणि मागून कळतं की रक्कम शांतीला गेली. पूजा करावी की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आपण गटाचा हिशोब लिहिणाऱ्या बायका, तेव्हा हा हिशोबही एकदा मांडून बघू.

पत्रिकेत घरं बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ आला की पत्रिका मंगळाची. म्हणजे बारातली पाच घरं. बारा मुलामुलींमागं साधारण पाच जणांना मंगळ निघणारच! शिवाय लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते. एकाच दवाखान्यात रात्री आठला जन्मलेल्या मुलीला मंगळ असेल आणि दहाला जन्मलेलीला नसेलही. बाहेर आकाशात मंगळ तोच आणि त्याच राशीत असतो. अशा पाच-बारातल्या हिशोबावर चांगल्या शिकलेल्या पोरीचं स्थळ मोडतं, हे मला तरी पटत नाही.

साडेसातीचंही तसंच. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तो एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची मिळून तीन राशी, झाली साडेसात वर्षं. सध्या शनी मीनेत आहे, म्हणून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती. कुठल्याही वर्षी बारातल्या तीन राशींना ती असतेच. म्हणजे गावातली साधारण चौथाई माणसं कायम साडेसातीत! त्यातल्या कुणाचं ना कुणाचं काहीतरी बिघडणारच, आणि बाकीच्या तीन हिश्श्यांतल्यांचंही बिघडतंच.

मंगळाच्या कक्षेत आपल्या देशाचं यान २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. त्या मोहिमेत रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ अशा बायका जबाबदारीच्या पदांवर होत्या. मुलींना हे जरूर सांगा.

पहाटे दूध काढायला किंवा पाण्याला उठता तेव्हा उगवतीकडं एकदा बघा, शनी सापडेल. खाली झाडं नसतील तर तांबूस मंगळही दिसेल, पण सध्या तो बारीक आहे. त्याला ठळक बघायचं तर फेब्रुवारी २०२७ पर्यंत थांबा. साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा तो आपल्या जवळ येतो. तेव्हा दिवस मावळल्याबरोबर उगवतीला लालसर मंगळ वर येईल, आणि त्याच बाजूला गुरूही असेल.