चूक कोणाची हे नंतर, आधी तारीख बघा!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

समजा, वर्धा रोडवर तुमच्या मामाच्या स्कूटरला कारने उडवलं. मामा गेले. घरात तेरवी, पोलीस ठाण्याच्या चकरा. भरपाईचा विषय निघाला की कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "आधी केस संपू द्या, चूक कोणाची ते ठरू द्या." इथेच घोळ होतो भाऊ.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये चूक सिद्ध करावीच लागत नाही. मृत्यू झाला तर 5 लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. हे 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. त्याआधी कलम 140 होतं. त्यात मृत्यूला फक्त 50 हजार आणि कायमच्या अपंगत्वाला 25 हजार मिळायचे.

पण एक मोठा फरक समजून घ्या. जुन्या कायद्यात ते 50 हजार घेऊनही पुढे मोठा दावा चालवता यायचा. आता विमा कंपनीच्या अधिकाऱ्यामार्फत 164 ची रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणातला तुमचा दावा संपतो. मामा कमावते असतील, मुलं लहान असतील, तर कलम 166 खाली यापेक्षा बरीच जास्त भरपाई मिळू शकते. मात्र तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते. म्हणून घाईत सही नको.

मग उशीर केला तर चालेल का? नाही! 166 चा दावा अपघातापासून 6 महिन्यांत करा, असं कायदा सांगतो. 1994 मध्ये मुदतीची अट काढली होती, 2022 ला ती परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने म्हटलं, की तूर्त केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका. पण हा अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर बसू नका.

शिवाय व्याज! ते दावा दाखल केल्याच्या तारखेआधीचं मिळत नाही. दोन वर्षं उशीर म्हणजे दोन वर्षांचं व्याज गेलं.

दावा टाकून विसरलात तरी नुकसान. तारखांना कोणीच हजर नसलं, तर गैरहजेरीत तो फेटाळला जाऊ शकतो. मग तो पुन्हा उभा करायला वेगळा अर्ज, वेगळी कारणं.

तर लक्षात ठेवा: पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, त्याबद्दल विचारा. एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं, पगाराचा पुरावा एका फाईलीत ठेवा. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तरी तुम्ही नागपूरला राहत असाल तर दावा नागपुरातच करता येतो. आणि पुढची तारीख मोबाईलमध्ये टाका, वकिलावर सोडू नका.

घरात ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे, त्यानेच हे काम अंगावर घ्यावं. भेटू पुढच्या भागात!