नाद आणि यंत्र (लेखांक सहावा) : खिशातल्या संगीताचा जमाखर्च

मागील लेखांकात दिवाणखान्यातील स्पीकर आणि त्यांच्यासमोरच्या भिंती यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन झाले. आता बहुसंख्य वाचकांच्या नित्य सहवासात असणाऱ्या साहित्याकडे, म्हणजे खिशात मावणाऱ्या प्लेअरकडे वळणे क्रमप्राप्त आहे, मग तो जुना आयपॉड असो, स्वतंत्र डिजिटल प्लेअर असो की हातातला मोबाइल असो. याविषयी होणाऱ्या पृच्छेचे स्वरूप बहुधा एकच असते. जवळ प्लेअर आहे, इअरफोन आहे, गाण्यांचा संग्रहही बऱ्यापैकी आहे, परंतु ऐकताना जीव रमत नाही. तेव्हा हाताशी असलेली रक्कम नव्या प्लेअरात घालावी, अ‍ॅम्प्लिफायर जोडावा, की आणखी काही तजवीज करावी? माझे मत असे की ही रक्कम प्रथम इअरफोनवर आणि तो कानात नीट बसण्यावर, त्यानंतर संग्रहातील फायलींच्या शुद्धतेवर, आणि गरज आकड्यांनी सिद्ध झाली तरच अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च व्हावी. बाजारात हा क्रम नेमका उलटा शिकवला जातो, कारण खोक्यावर छापता येण्याजोगे मोठे आकडे प्लेअरचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे असतात. कानात रबरी टोपी कशी बसली याचा आकडा कोणालाच छापता येत नाही.

खर्चाच्या क्रमात संग्रह दुसरा असला तरी विवेचनास आरंभ त्याच्यापासून करतो, कारण ही बाब फारशा पैशावाचून मार्गी लागते. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आला तेव्हा खिशातल्या ध्वनीची मर्यादा कॅसेटच्या फितीने ठरवली होती. अ‍ॅपलचा पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला तेव्हा ती जागेच्या टंचाईने ठरवली. त्याच्या चकतीवर अवघी ५ गिगाबाइट जागा होती. सीडीवरील ध्वनी सेकंदाला १४११ किलोबिट या दराने वाहतो, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. या हिशेबाने त्या चकतीवर आठ तासांचे संगीतही मावले नसते. हजार गाणी मावली ती एमपी-थ्रीमुळे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी जिच्या घडणीत मोठा वाटा उचलला अशा या पद्धतीचे मर्म एवढेच की, मोठ्या आवाजाच्या आड दडलेला जो बारीक आवाज कानाला मुळातच ऐकू येत नाही, तो टिपण्यात बिट खर्च करायचे नाहीत. वरच्या दराला ही काटछाट कानाला सहसा उमगत नाही. सेकंदाला १२८ किलोबिट या दराला मात्र मूळ मजकुराचा अकरावा हिस्सा तेवढा शिल्लक राहतो, आणि मग शांततेतून एकाएकी उमटणाऱ्या आघाताच्या क्षणभर आधीच खरखरीची पुसट सावली पडून तबल्याच्या चाटेवरील बोलाची धार बोथट होते. सोळा हजार हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेलाच असल्याने टाळांची झळाळीही उतरते.

अशा फायलीचे मोठ्या दराच्या फायलीत रूपांतर केल्याने गेलेला ऐवज परत येत नाही. केवळ जागा अडते. मूळ सीडी घरात असेल तर ती संगणकावर पुन्हा उतरवून फ्लॅक या पद्धतीने साठवावी, हा त्यावर खरा उपाय. २००१ सालीच प्रसिद्ध झालेली ही पद्धत एकही बिट न गमावता आकार साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहून थोडा वर आणून ठेवते. तासाला साडेतीनशे मेगाबाइट धरले तरी २५६ गिगाबाइटच्या कार्डावर सातशे तासांचे गाणे मावते. टंचाईचा काळ केव्हाच सरला असूनही त्या काळातले कुरतडलेले दप्तर आपण अद्याप वागवत आहोत, ही खेदाची गोष्ट होय.

आता मुख्य विषय. फाइलपासून कानापर्यंतच्या साखळीत विद्युत्-संकेताचे हवेच्या कंपनांत रूपांतर जेथे होते तेथेच सर्वाधिक विकृती शिरते, आणि ते स्थान म्हणजे इअरफोन. चांगल्या डॅकच्या, म्हणजे आकड्यांतून विद्युत्-संकेत घडवणाऱ्या चिपच्या, दोन नमुन्यांत वारंवारतेच्या प्रतिसादाचा फरक डेसिबलच्या अंशांत मोजावा लागतो. दोन इअरफोनांत तो दहा डेसिबलांपर्यंत सहज जातो. आणि किंमत ही गुणवत्तेची हमी आहे असेही नाही. जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मापनांची छाननी करून २०१७ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात प्रतिसादाचा आणि विक्रीच्या किमतीचा काहीही संबंध आढळला नाही. आज दोन-तीन हजार रुपयांत मिळणारे काही तारेचे इअरफोन स्वरांच्या समतोलात त्याच्या कैकपट किमतीच्या मालाला हार जात नाहीत, हे मी पुरत्या विचारांती लिहीत आहे.

परंतु उत्तम इअरफोन घेतला म्हणजे काम संपले असे नव्हे. कानाच्या नळीत बसणारा इअरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची जी चिमुकली पोकळी उरते ती बंद असेल तरच इअरफोनचा पडदा मागेपुढे हलताना तिच्यातील दाब त्या प्रमाणात वाढतो-घटतो. त्या पोकळीला कोठे फट राहिली की मंद गतीच्या कंपनांत हवेला बाहेर निसटण्यास पुरेसा अवकाश मिळतो, आणि खालचे स्वर फुटक्या घागरीतल्या पाण्याप्रमाणे निघून जातात. ही गळती किरकोळ नसते. खालच्या पट्ट्यात दहा-वीस डेसिबलांचा खड्डा पडतो, आणि तो कोणताही डॅक, कोणताही अ‍ॅम्प्लिफायर भरून काढू शकत नाही. तथापि खोक्यातल्या तीन आकारांच्या टोप्यांपैकी जी आधीच बसवलेली असते तीच जन्मभर वापरणारे श्रोते मी असंख्य पाहिले आहेत. डावा आणि उजवा कान एकाच मापाचा असेल असेही धरून चालू नये. एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टोपी लागणे हा अपवाद नव्हे.

याची परीक्षा घरच्या घरी होते, आणि तिच्यासाठी आपल्या संगीताइतके उत्तम साधन दुसरे नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पुरुष गायकाने काळी एक या पट्टीत तंबोरा लावला असेल तर त्याच्या खर्जाच्या तारेचे मूळ कंपन सेकंदाला सुमारे ६९ असते. म्हणून खर्ज ऐकू आला म्हणजे खालचे स्वर पोहोचले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो काढू नये. जवारी काढलेल्या तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा त्याचे उपस्वरच अधिक प्रबळ असतात, आणि त्या उपस्वरांवरून मूळ स्वराची पूर्तता आपला मेंदू स्वतःच करून घेतो. मूळ स्वर इअरफोनमधून गळून गेला तरी खर्ज ऐकू आल्याचा भास टिकून राहतो. तेव्हा खालच्या पट्टीसाठी साक्ष काढावी ती डग्ग्याची. विलंबित ख्यालातील ठेक्यात तबलजी मनगट दाबून डग्ग्यावर जो घिस्सा काढतो, तो खालून वर चढताना अखंड, गोल आणि वजनदार ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत असताना दोन्ही इअरफोन बोटांनी किंचित आत दाबावे. दाबताच घिस्स्याला एकदम अंग भरले तर टोपीला फट आहे असे निश्चित समजावे आणि मोठ्या मापाची किंवा फोमची टोपी लावून पुन्हा पाहावे. दाबूनही फरक पडला नाही तर बैठक ठीक. एखाद्याच बाजूचा आवाज क्षीण वाटल्यास नळीच्या तोंडावरच्या जाळीत कानातला मळ अडकला आहे का हेही पाहावे. दुरुस्तीला धाडलेल्या मालापैकी पुष्कळ माल केवळ त्या मळामुळे तेथे पोहोचतो.

तंबोऱ्याची साक्ष घ्यावी ती वरच्या पट्टीसाठी. जवारीतून निघणारी उपस्वरांची वलये एकामागून एक उलगडत गेली, आणि गायकाचा स्वर त्यांच्या पुढे पण त्यांच्याशी लिप्त असा उभा राहिला, तर इअरफोनचा समतोल चांगला. तंबोरा कर्कश होऊन स्वराच्या अंगावर येत असेल तर वरच्या पट्टीत कोठेतरी उंचवटा आहे, आणि तो प्लेअरमधील इक्वलायझरने उतरवता येतो. इक्वलायझर वापरणे शुद्धतेविरुद्ध आहे ही समजूत टाकून द्यावी. एकच पथ्य पाळावे, की वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे कल असावा, आणि कोणतीही पट्टी वाढवलीच तर तितक्याच डेसिबलांनी एकंदर पातळी खाली आणावी, नाहीतर आवाजाची टोके कापली जाऊन तो फाटतो.

एवढे झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा विचार. गरज आहे की नाही हे मतावर सोडण्याचे कारण नाही, ते हिशेबाने ठरते. अनेक मोबाइलांतून ३.५ मिलिमीटरचे भोक नाहीसे झाल्यावर त्यांना जोडावयाचे जे बोटभर लांबीचे डोंगल आले, त्यांपैकी बऱ्यापैकी डोंगल सुमारे १ व्होल्टपर्यंत दाब देते. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा मोठा हेडफोन त्याला लावला तर १ व्होल्टचा वर्ग भागिले ३००, म्हणजे सुमारे ३.३ मिलिवॉट शक्ती मिळेल. हेडफोन मिलिवॉटला ९७ डेसिबल देणारा असेल तर ही शक्ती त्याला सुमारे १०२ डेसिबलांवर नेते. आवाजाची टोके सरासरीच्या दहा-पंधरा डेसिबल वर असतात असे धरले, तरी सरासरी पातळी नव्वदीच्या आसपास राहते, आणि ती शांत खोलीत कोणालाही पुरून उरावी. दुबळ्या मोबाइलातून निम्मा व्होल्टच निघत असेल तर यातून सहा डेसिबल वजा करावे. या वजाबाकीनंतरही तुटवडा पडत असेल तरच अ‍ॅम्प्लिफायरची दरखास्त मंजूर व्हावी.

याहून महत्त्वाची, आणि दुकानात क्वचितच बोलली जाणारी बाब म्हणजे प्लेअरचा स्वतःचा अंतर्गत रोध. अनेक सूक्ष्म ड्रायव्हर एकत्र बसवलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत्-संकेताला होणारा त्याचा रोध, सर्व स्वरांना सारखा नसतो. एका स्वराला तो ५ ओहम तर दुसऱ्या स्वराला ४० ओहम असू शकतो. प्लेअरचा रोध १० ओहम असेल तर पहिल्या स्वराला दाबाचा एक तृतीयांश हिस्सा मिळतो आणि दुसऱ्याला चार पंचमांश. म्हणजे दोन स्वरांत साडेसात डेसिबलांची तफावत, जी ध्वनिमुद्रणात कधी नव्हतीच. हाच रोध १ ओहम असेल तर तफावत दीड डेसिबलांच्या आत येते. एकच इअरफोन दोन प्लेअरांवर निराळा वाजतो, आणि त्यावरून डॅकच्या स्वभावाविषयी मोठमोठ्या मखलाशी रचल्या जातात, त्यांपैकी कितीतरींचे मूळ या साध्या भागाकारात असते. प्लेअरचा रोध इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, हा शिरस्ता ध्यानात ठेवावा.

ज्यांच्या कपाटात जुना आयपॉड पडून आहे त्यांच्यासाठी चार शब्द. २००५ सालच्या पाचव्या पिढीत वुल्फसन कंपनीची चिप असल्याने तिला शौकिनांत अद्याप मान आहे. खालच्या रुंद खोबणीतून लाइन-आउटची तार घेतली तर यंत्रातला हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर वगळून संकेत थेट बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला देता येतो. फिरती चकती काढून तिच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर बसवता येतो. त्याने वजन घटते, बॅटरी अधिक पुरते, धक्क्याची भीती जाते. मात्र चकती बदलल्याने ध्वनी सुधारतो हा समज निराधार आहे.

चोवीस बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फायलींविषयीही माझे मत असेच प्रतिकूल आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दराचा ध्वनी आणि तोच सीडीच्या दरातून गाळून घेतलेला ध्वनी यांतील भेद श्रोत्यांना ओळखता आला नव्हता. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या तर १९२ किलोहर्ट्झमध्ये ऐकण्याने काहीच साधत नाही, कारण तेवढा मजकूर तबकडीत उतरलेलाच नाही. महागड्या तारांवर मी जागा खर्च करीत नाही; तार तुटकी नसली म्हणजे पुरे.

दोन साधनांची रुजवात घालताना दोहोंचा आवाज तंतोतंत समान ठेवावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला हटकून सरस वाटतो, आणि दुकानातले निम्मे फैसले या एका भ्रमावर होतात. मोठ्या आवाजाची बाधा इतकीच असती तर प्रश्न नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यात ८० डेसिबल पातळीचे श्रवण ४० तासांपर्यंतच निर्धोक आहे, आणि पुढे तीन डेसिबल वाढले की ती मुदत निम्मी होते. लोकलच्या डब्यातील खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणारे तरुण श्रोते ही मुदत दोन-तीन दिवसांत संपवून बसतात. नीट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाट अडवते आणि तोच आनंद पुष्कळ खालच्या पातळीवर देते.

पुढील लेखांकात ब्लूटूथचा, म्हणजे बिनतारी इअरफोनांचा विचार करावयाचा आहे. तोपर्यंत वाचकांनी नवे काहीही विकत घेऊ नये. जवळच्या इअरफोनच्या सर्व मापांच्या टोप्या बाहेर काढाव्या, एखादा विलंबित ख्याल लावावा, आणि वर सांगितलेली डग्ग्याची परीक्षा प्रत्येक कानाला स्वतंत्रपणे घेऊन आपल्याला कोणती टोपी बसली ते कळवावे.